गोली मामांनी चेंडू हातात घेतला

फुटबॉलच्या नियमांत १९९२ साली एक मोठा बदल झाला. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही, असं ठरलं. त्याआधी बॅकने मागे द्यायचं, गोलीने उचलायचं, चार पावलं टाकायची आणि सावकाश पुढे टोलवायचं, हा जगभरचा रिवाज होता. एका गोलची आघाडी असली की शेवटची दहा मिनिटं अशीच काढली जायची.

निपाणीतल्या ज्येष्ठ खेळाडूंच्या सामन्यात सुरुवातीलाच स्टॉपरने चेंडू मागे दिला आणि गोली मामांनी तो वाकून, दोन्ही हातांनी, अगदी निगुतीने छातीशी घेतला. पंचाची शिट्टी वाजली. हात वर गेला. इनडायरेक्ट फ्री किक.

"का शिट्टी?" मामांनी विचारलं.

"मामा, बॅक पास हाय. हातात घ्यायचा न्हाय." पंच त्यांच्या मुलाच्या वयाचा होता.

"कधीपासनं?"

प्रश्न खरा होता. मामांनी खेळणं थांबवलं तेव्हा हा नियम नव्हता. नंतर त्यांनी टीव्हीवर शेकडो सामने पाहिले, नियम डोक्याला माहीतही झाला असेल. पण चेंडू पायांसमोर घरंगळत आला तेव्हा हातांनी जुन्याच काळाचं ऐकलं.

एका स्थानिक केबल वाहिनीने हा कार्यक्रम ठरवला होता. एकेकाळी निपाणीचं मैदान गाजवलेल्या खेळाडूंना बोलावायचं, आधी खुर्च्यांवर बसवून जुन्या आठवणी विचारायच्या, मग क्रॉसबारला चेंडू मारण्याची आणि पेनल्टीची स्पर्धा घ्यायची, शेवटी वीस-वीस मिनिटांचा सामना. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ईसीजीचा कागद आणायचा, ही अट आयोजकांनी घातली होती आणि ती पाळून घेतली, हे बरं केलं. मी नावांची यादी करायला आणि कोण कुठल्या जागेवर खेळायचा हे लिहून घ्यायला गेलो होतो. त्यामुळे सगळं जवळून पाहता आलं.

असा कार्यक्रम जगात नवा नाही. इंग्लंडमध्ये आयटीव्हीने २०१९ साली हॅरी रेडनॅप यांना घेऊन एक मालिका केली. इंग्लंडकडून खेळून निवृत्त झालेल्यांना त्यांनी गोळा केलं, वजनं उतरवायला लावली आणि जर्मनीच्या निवृत्त खेळाडूंशी भिडवलं. आपल्याकडेही मार्च २०२५ मध्ये चेन्नईच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ब्राझीलचे जुने खेळाडू आले, त्यात रोनाल्डिन्हो होता. भारताचे माजी खेळाडू त्यांच्याशी खेळले आणि २-१ असे हरले. भारताचा तो एक गोल गोव्याच्या बिबियानो फर्नांडिसचा. त्या सामन्याचं चित्रीकरण उत्तम होतं, गर्दी होती, पैसाही होता. निपाणीत यातलं फारसं काही नव्हतं. पण त्या मोठ्या कार्यक्रमांत जे सहसा घडत नाही, ते इथं घडलं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी या भागातल्या खेळाडूची गोष्ट सांगायला हवी, कारण ती लिहिलेली फारशी सापडत नाही. निपाणी पुणे-बंगळूर महामार्गावर. उत्तरेला चाळीस किलोमीटरवर कोल्हापूर, दक्षिणेला तवंदी घाट चढून गेलं की संकेश्वर आणि पुढे बेळगाव. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठांचा आणि तालमींचा खेळ. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं निपाणीच्या पोरालाही पाठ असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची. शाहू स्टेडियमवर मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना असला की दुपारपासून एसटी भरून जायची. बेळगावात खेळ शाळांच्या आणि छावणीच्या वळणाचा. सेंट पॉल्सची फादर एडी स्मृती स्पर्धा, टिळकवाडीतलं लेले मैदान, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. निपाणीचा चांगला खेळाडू या दोन्हींच्या मधे वाढला.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर निपाणीचा खेळाडू कागदोपत्री एका राज्याचा आणि खेळायला दुसऱ्या राज्यात, असं होऊन बसलं. खेळ कोल्हापूरच्या मैदानावर बघितलेला, डावपेच तिथले, पण निवड चाचणी जिल्ह्याची, म्हणजे बेळगावची. पुढे संतोष ट्रॉफीसाठी वाट बंगळूरची. १९६८-६९ मध्ये म्हैसूरने संतोष ट्रॉफी जिंकली, त्यानंतर कर्नाटकला ती जिंकायला २०२३ उजाडलं. रियाधमध्ये मेघालयाला ३-२ ने हरवून. मधल्या चोपन्न वर्षांत या पट्ट्यातल्या किती जणांना कुणी बघायला आलंच नाही, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही. कार्यक्रमाला आलेल्या एका राईट हाफने पिशवीतून दोन प्रमाणपत्रं काढली. एक कन्नडमध्ये, एक मराठीत. दोन्हींवर नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं. ती त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाले, "दोन्ही मीच हाय."

आता खुर्च्यांकडे येतो. मंडपात सहा खुर्च्या, मागे फलक, समोर दोन कॅमेरे, प्रत्येकाच्या कॉलरला छोटा माईक. निवेदक तरुण, मनापासून तयारी करून आलेला. त्याने विचारलं, "आपल्या कारकिर्दीतला सगळ्यात अविस्मरणीय क्षण कोणता?" आणि ज्यांना चहाच्या टपरीवर दोन तास ऐकावं अशी माणसं सरकारी सत्काराला उत्तर द्यावं तशी बोलू लागली. "आज या ठिकाणी आम्हाला बोलावलं त्याबद्दल आभारी आहे." "त्या काळी सोयी नव्हत्या." "खेळामुळे शिस्त लागते." घरात कुणी असं बोलत नाही. कॅमेऱ्यासमोर माणूस ठेवणीतली भाषा काढतो, आणि ठेवणीतल्या भाषेत आठवणीला जागा नसते.

अर्धा तास असा गेल्यावर कॅमेरामनला एक गोष्ट सुचली. त्या दिवसातली सर्वांत शहाणी गोष्ट तीच. त्याने मंडपामागून एक चेंडू आणला आणि खुर्च्यांच्या मधे सोडला. कुणी काही सांगितलं नाही. लेफ्ट आऊट अण्णांनी बसल्या बसल्या बुटाच्या तळव्याने तो थांबवला, मागे ओढला, पुन्हा पुढे ढकलला. शेजारच्याने पाय घातला. दोन मिनिटांत सहाही जणांचे पाय चालू झाले आणि तोंडंही.

"हा हलका हाय रं. आमचा पावसात भिजला की दगुड व्हायचा."

"आन वादी? कपाळावर वादी बसली की चार दिवस वळ."

जुन्या चामडी चेंडूच्या तोंडाला वादी असायची. आत ब्लॅडर, तो फुगवून तोंड आवळायचं आणि वादी घट्ट बांधायची. हेडिंग करताना ती कपाळावर आली तर रक्त निघायचं. सेंटर हाफ असलेल्या एकांनी भुवईवरचा व्रण बोटाने दाखवला. पुढे काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा चेंडू आला. तो १९७० च्या मेक्सिको विश्वचषकासाठी आदिदासने केला होता, कृष्णधवल टीव्हीवर चेंडू नीट दिसावा म्हणून. निपाणीत त्या रंगाचा पहिला चेंडू कुणी आणला यावरून वाद झाला आणि तो मिटला नाही. मिटायची गरजही नव्हती. कॅमेरे चालू होते.

असा वाद वाढत गेला की तो आपोआप मैदानात जातो. इथेही गेला. लेफ्ट आऊट अण्णा आणि गोली मामा एकेकाळी गावातल्याच दोन वेगळ्या संघांकडून खेळायचे. अण्णा वर्षानुवर्षं एका गोलची गोष्ट सांगत आले आहेत, जो त्यांनी मामांवर मारला. वखारीच्या बाजूने आलो, सगळ्यांना वाटलं क्रॉस मारतोय, आणि सरळ जाळ्यात. तंबाखूच्या वखारीची लांब भिंत त्या मैदानाच्या एका बाजूला होती. मामांनाही तो गोल आठवत होता. "वखारीकडनंच आला," ते म्हणाले, "माझ्या डाव्या हाताला. आन डोळ्यावर ऊन. काय दिसंना."

निवेदकाने विचारलं, साल कोणतं? सन कुणालाच आठवेना. मग मामा म्हणाले, "हायवे बंद व्हता त्या साली. कोल्हापूरची टीम येणार व्हती, ती आलीच न्हाय. म्हणून गावातल्याच दोघांची मॅच लावली." निपाणीच्या माणसाला यापुढे साल सांगावं लागत नाही. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी महामार्गावर बसले होते, तो मार्च-एप्रिल १९८१ चा काळ. ते आंदोलन शेवटी पोलीस गोळीबारात संपलं आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. त्याच्या आदल्या दिवसांतला हा सामना. कुठल्याही क्रीडा संघटनेच्या वहीत ज्याची नोंद नाही, त्याचा महिना असा सापडला.

मग अण्णा म्हणाले, चल, दाखवतो. माईक कॉलरला तसेच लावून सगळे मैदानात उतरले. वेळ संध्याकाळची. मामा पूर्वेकडच्या गोलात जाऊन उभे राहिले आणि लगेच त्यांनी हात कपाळावर आडवा धरला. समोर, पश्चिमेला, सूर्य होता.

"हितंच व्हतो. असंच ऊन."

आता डावा हात पसरून त्यांनी दाखवलं: वखार त्या हाताला, म्हणजे दक्षिणेला. चेंडू तिकडून आला. इथपर्यंत दोघांचं एकमत. अण्णा वखारीच्या बाजूला जाऊन उभे राहिले, चेंडू पुढे टाकला, चार पावलं धावले आणि थबकले. मीही तेव्हाच पाहिलं. पूर्वेच्या गोलवर चाल करताना वखार उजव्या हाताला येते. अण्णा लेफ्ट आऊट. त्यांची जागा रस्त्याच्या बाजूला, मैदानाच्या पार पलीकडे. शिवाय त्या कोनातून बाहेरून आत वळणारा फटका उजव्या पायाने बसत नाही आणि डाव्या पायाने मारायला चेंडू त्यांच्या अंगाखाली येईना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. शरीर वळेना.

तिसरे एक गृहस्थ, राईट हाफ, दोन प्रमाणपत्रं आणणारे, शांतपणे म्हणाले, "आरं, हितं राईट आऊट असायचा. तू हितं कशाला येशील?"

त्या संघाचा राईट आऊट आता हयात नाही. तो डावखुरा होता आणि तरी हट्टाने उजव्या बाजूला खेळायचा, हेही त्याच वेळी तिघांच्या तोंडून निघालं. अण्णा चेंडूवर पाय ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "त्याचाच गोल. पास माझा व्हता. रस्त्याकडनं लांब दिलेला." आणि मामांनी मान हलवली: हो, पास पलीकडून आला होता.

चाळीस वर्षांहून अधिक काळ एक गोल चुकीच्या नावावर सांगितला जात होता. अण्णा खोटं बोलत होते असं मला मुळीच वाटत नाही. तो सामना, तो मित्र आणि तो आनंद त्यांच्या मनात इतका मिसळून गेला होता की पास देणारा आणि गोल मारणारा एकच झाला. खुर्चीवर बसून ते अजून दहा वर्षं हीच गोष्ट सांगू शकले असते. ती दुरुस्त केली उन्हाने, भिंतीने आणि त्यांच्याच डाव्या पायाने. मुलाखत घेणाऱ्याला हे कितीही हुशार प्रश्नांनी साधलं नसतं.

सामना सुरू झाल्यावर मला याच गोष्टीचा दुसरा पुरावा मिळत गेला. कोण कोणत्या काळात खेळायचा थांबला, हे त्याच्या खेळावरून ओळखता येतं. किक ऑफलाच दिसलं: मधल्या वर्तुळात दोघं फॉरवर्ड शेजारी शेजारी उभे राहिले, एकाने चेंडू इंचभर पुढे सरकवला आणि दुसऱ्याने मागे दिला. २०१६ पासून किक ऑफचा चेंडू थेट मागे देता येतो, एकटा खेळाडू पुरतो. त्यांच्यापैकी जो वयाने लहान, अलीकडेपर्यंत खेळलेला, तो म्हणालाही, "एकट्यानं घे की ओ." थोरल्यांनी ऐकलं नाही. पुढे एक फॉरवर्ड शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत असताना चेंडू घेऊन सुटला. जुन्या फुलबॅकने जागेवर थांबून हात वर केला: ऑफसाईड. १९९० पूर्वी तो ऑफसाईडच होता. त्या साली नियम बदलला, रेषेत असलेला खेळाडू ऑनसाईड धरला जाऊ लागला. फुलबॅक हात वर करून उभा, फॉरवर्ड गोलपर्यंत पोहोचला, आणि गोल झाला. फुलबॅकला राग आला आणि तो मला समजला. त्याने योग्य वेळी योग्य तेच केलं होतं, फक्त मधे पस्तीस वर्षं गेली होती.

गोल किकलाही तेच. २०१९ पासून गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या आतच आपल्या खेळाडूला देता येतो. तरुण पंचाने तसं सांगितलं तरी मामांनी प्रत्येक गोल किक दूर, मध्यरेषेपर्यंत टोलवली. तिथं एक सेंटर हाफ डोकं घेऊन उभाच होता. वय साठीच्या पुढे, पळणं जवळजवळ बंद, पण चेंडू हवेत असताना तो कुठे पडणार हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. दोन पावलं सरकायचा आणि नेमका खाली उभा. डॉक्टरांनी हेडिंग टाळायला सांगितलं होतं, म्हणून तो छातीवर घेत होता. त्याच्या त्या दोन पावलांसाठी मी सगळा सामना पुन्हा पाहीन.

कॅमेऱ्याचं मात्र इथं चुकत होतं. एक कॅमेरा मैदानाच्या मध्यावर ट्रकच्या टपावर, दुसरा गोलमागे. दोन्ही चेंडूच्या मागे धावत होते, कारण आज खेळ असाच दाखवतात. ज्येष्ठांच्या सामन्यात चेंडू सावकाश चालतो, त्याच्याकडे बघून काही मिळत नाही. बघायचं ते चेंडू नसलेल्या माणसाकडे. तो कुठे उभा आहे, कुणाला हाताने खुणावतो आहे, पास यायच्या आधी मान कितीदा वळवतो. पळण्याची ताकद गेल्यावर खेळाडूत जे उरतं तेच त्याचं खरं शिक्षण, आणि ते पडद्याबाहेर राहिलं. मध्यंतरात मी हे कॅमेरामनला बोललो. उत्तरार्धात त्याने गोलमागचा कॅमेरा बराच वेळ त्या सेंटर हाफवर स्थिर ठेवला. तो भाग मी नंतर पाहिला. कोल्हापुरात सराव करणाऱ्या कुठल्याही मुलाला दाखवावा असा आहे. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या पिढीच्या मुलांना व्यायाम, आहार, व्हिडिओ सगळं मिळतं. जागा धरणं शिकवायला असा माणूस शेजारच्या गावात असतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.

पेनल्टीची स्पर्धा मामांच्या संघाने जिंकली. क्रॉसबारला चेंडू लावण्यात अण्णा पहिले आले, डाव्या पायाने. त्यांनी बक्षिसाची ढाल घेतली आणि ती दिवंगत राईट आऊटच्या मुलाच्या हातात दिली. मुलगा प्रेक्षकांत होता. तो गोल आपल्या वडिलांचा, हे त्याला त्या संध्याकाळीच कळलं होतं.

या वाहिनीने आणि अशा सगळ्या स्थानिक वाहिन्यांनी हे काम पुढे न्यावं, असं मला कळकळीने वाटतं. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज, कागल, बेळगाव, या प्रत्येक गावात असे दहा-वीस खेळाडू अजून आहेत. त्यांच्या सामन्यांची नोंद कुठल्याही राज्याच्या दप्तरात नीट नाही, कारण ते एका राज्याचे राहून दुसऱ्या राज्यात खेळले. त्यांना मंडपात खुर्च्यांवर बसवू नका. ते ज्या मैदानावर, ज्या वेळी खेळायचे, तिथे त्या वेळी न्या. चेंडू द्या, कॅमेरा चालू ठेवा आणि प्रश्न कमी विचारा. एकट्याला बोलावू नका, समोरच्या संघाचाही एक जण हवा. आणि ज्यांच्या घरात संघाचे जुने फोटो असतील त्यांनी आजच वडिलांना किंवा आजोबांना शेजारी बसवून फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहावीत: डावीकडून उजवीकडे, उभे आणि बसलेले, प्रत्येकाची जागा आणि कुठला पाय.